विषय : ‘टेक’चे अर्थ व वापर याबाबत

इंग्रजी शिकायचं तर माणसानं लहानपणी शिकावं, नाहीतर सरळ पुढच्या जन्मी. चोपन्नाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना त्या वाटेला जाऊ नये. टाचणी गेला. त्याला सगळ्यांनी मिळून घोड्यावर बसवलं, आणि बसवणाऱ्यांपैकी एकालाही घोडा माहीत नव्हता.

टाचणी हे त्याचं ऑफिसातलं नाव. सव्वीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस. सुटा कागद दिसला की टोचल्याशिवाय हात स्वस्थ बसत नसत. कॉलरच्या आतल्या बाजूला कायम सहा टाचण्या. लेक लहानपणी त्याच्या गळ्यात पडायला भ्यायची. पण या सव्वीस वर्षांत ‘कागद सापडत नाही’ असं त्यानं एकदाही लिहून दिलं नव्हतं, आणि त्या ऑफिसात हा गुण समजला जात नसे. कागद सापडला की काम करावं लागतं.

त्याला हवी होती खुर्ची. हातांची. त्या ऑफिसात हेडक्लार्कपासून वरच्यांच्या खुर्चीला हात असत. खालच्यांनी आपापले हात आपणच सांभाळायचे. टाचणीची ती खुर्ची दोनदा हुकली होती, आणि आता नोकरीची चार वर्षं उरली होती. तिसऱ्यांदा हुकली तर ज्याला फायलीला नाडी बांधायला टाचणीनं शिकवलं तो गुळगुळीत नावाचा पोरगा त्याचा वरिष्ठ होणार होता. गुळगुळीतला काम येत नव्हतं, पण इंग्रजी येत होतं. म्हणजे काम येत नाही हे तो इंग्रजीत सांगू शके.

नवे साहेब आले आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी एक जुना अर्ज उचलला. तो होता निवृत्त चौकीदाराचा. या चौकीदाराच्या सेवापुस्तकात जन्मसालाचा आकडा चुकला होता, त्यामुळे नोंदीप्रमाणे तो वयाच्या सहाव्या वर्षी काठी घेऊन नोकरीवर रुजू झाला होता. निवृत्त करताना मात्र त्याला चेहरा बघून केलं होतं. आता त्याचं खरं वय एकाहत्तर आणि कागदावरचं सत्तावन्न. निवृत्तांच्या दवाखान्याचं कार्ड त्याला मिळेना, कारण कागद म्हणत होता की हा गडी अजून कामावर असायला हवा. दर मंगळवारी तो रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी येई, आणि टाचणी त्याला ‘कारवाई चालू आहे बाबा’ असं सांगून परत पाठवी. खोटं सांगत नव्हता. अर्जावर अकरा वर्षांत सात विभागांनी लाल शाईत एकच इंग्रजी वाक्य लिहिलं होतं : नेसेसरी ॲक्शन मे बी टेकन.

साहेबांनी ते वाक्य वाचलं, चष्म्यावरून टाचणीकडे बघितलं आणि विचारलं, “टेकन बाय हूम?”

टाचणी उठून म्हणाला, “येस सर.”

सगळे हसले. गुळगुळीत तर टेबलावर डोकं ठेवून हसला. साहेब हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं.

“पुढच्या महिन्यात हेडक्लार्कची मुलाखत आहे,” साहेब सावकाश म्हणाले, बहिऱ्याशी बोलावं तसं. “इंग्रजीत. तुमचाही अर्ज आहे ना? निदान हे एक क्रियापद तरी शिकून या.”

एक क्रियापद. टाचणीला वाटलं, महिना आहे, एकच शब्द आहे; एवढ्यात माणूस पोहायलासुद्धा शिकतो.

संध्याकाळी त्यानं लेकीचा शब्दकोश काढला. ‘टेक’ला चार पानं होती. बारीक टायपात.

“चार पानं?” बायको डोकावून म्हणाली. “आपल्या लग्नाची पत्रिका अर्ध्या पानाची होती.”

“म्हणूनच सगळा घोळ झाला,” टाचणी म्हणाला, आणि त्या दिवशीचा चहा त्याला स्वतः करून घ्यावा लागला.

पहिला अर्थ सोपा होता : घेणे. टाचणीनं चिठ्ठीवर लिहिलं आणि निश्चिंत झाला. मग दुसरा आला : नेणे. घ्यायचं की न्यायचं, हे एकदा ठरवा ना लेको. पुढे औषध ‘टेक’ करायचं, बसही ‘टेक’ करायची, फोटो, रजा, परीक्षा, सल्ला, सगळं ‘टेक’. वेळ ‘टेक’ होतो म्हणजे लागतो. राग आला तरी तेच क्रियापद, डुलकी काढली तरी तेच. ज्या लोकांनी अर्ध्या जगावर राज्य केलं त्यांना एवढ्या कामांना एकच शब्द पुरावा, ही टाचणीला काटकसर वाटेना, आळस वाटला. आपल्याकडे औषध घेतात, बस पकडतात, फोटो काढतात, परीक्षा देतात आणि डुलकी... तीही काढतात. इथे टाचणी जरा अडखळला आणि पान उलटलं.

“बाबा, अर्थ नाही बघत बसायचं,” लेक म्हणाली. “नुसतं वापरायचं.”

“अर्थ न बघता वापरायचं ते ऑफिसात. इथे मी शिकतोय.”

त्यानं चिठ्ठ्या घरभर लावल्या. औषधाच्या बाटलीवर, आरशावर, दारावर, पंख्याच्या बटणावर. टाचणीनंच लावल्या, अर्थात. गादीला लावलेल्या चिठ्ठीचा अनुभव बायकोनं दुपारी घेतला आणि केरसुणी फिरवली. अठरा अर्थ केरात गेले. त्यात ‘जबाबदारी टेक करणे’ होता, तो शेवटपर्यंत सापडला नाही.

शेजाऱ्याला कळलं नाही असं दुखणं नसतं. खालच्या मजल्यावरचे मास्तर तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून विद्यार्थ्याच्या शोधात होते. ते न बोलावता आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “चहा. वाक्य करा.”

“आय टेक टी,” टाचणी म्हणाला.

“शंभर टक्के बरोबर.”

पलंगावर लोळत मेव्हणा पेपर वाचत होता. बायकोचा हा भाऊ पाच वर्षं बोटीवर स्वयंपाक्याच्या हाताखाली होता. त्यानं समुद्र बघितला होता, म्हणून त्याला सगळंच ठाऊक होतं. “दाजी, असं बोलाल तर बोटीवरून खाली फेकतील. चहा ‘हॅव’ करतात. ‘टेक’ करत नाही कोणी.”

“कुठल्या व्याकरणात?” मास्तरांनी विचारलं.

“व्याकरणात नाही, कॅप्टनच्या केबिनमध्ये.”

“कांदे कापायला केबिनमध्ये नेत होते वाटतं.”

“निदान नेत होते. तुमच्या वर्गातून किती जण इंग्रजी बोलत बाहेर पडले, मास्तर? हे दाजी तुमच्याच शाळेतले ना?”

मास्तर चहा न ‘टेक’ करता आणि न ‘हॅव’ करता उठून गेले. त्यानंतर जिन्यात भेटले की दोघं भिंतीकडे बघत. टाचणीची पंचाईत झाली. दोघांचंही खरं मानायचं तर चहाच सोडावा लागत होता. शेवटी त्यानं सव्वीस वर्षांत शिकलेला एकमेव मार्ग धरला. दोघांकडून लेखी अभिप्राय घेतले, सही आणि तारखेसकट. मास्तरांनी ‘योग्य’ लिहिलं. मेव्हण्यानं ‘बोटीवर चालत नाही’ लिहिलं आणि खाली नांगराचं चित्र काढलं.

आणि इथेच गाडी घसरली. कागद झाले म्हणजे ते राहायला जागा हवी. टाचणीनं ऑफिसातल्या रद्दीतून एक जुनं फाइल कव्हर आणलं, आणि कव्हर हातात आल्यावर त्या हाताला दुसरं काही येईना. त्यानं वर लिहिलं : ‘विषय : टेकचे अर्थ व वापर याबाबत.’ पहिलं पान सुरू केलं ‘सादर’ या शब्दानं. प्रत्येक अर्थाला परिच्छेद क्रमांक दिला, पानांना नंबर घातले, अर्थांखाली दोघांचे शेरे उतरवले, अभिप्राय मागे टोचले. एकसष्ट अर्थ. फाइल इतकी देखणी झाली की त्याला वाटलं, साहेबांनी ही नुसती हातात धरली तरी खुर्ची मिळेल.

जेवणाच्या सुट्टीत पाठ करावी म्हणून तो ती ऑफिसात घेऊन गेला, आणि चार वाजता टेबलावर ठेवून हात धुवायला गेला.

चार वाजता आवकबाई फिरत असत. टेबलावर कव्हरात जे दिसेल ते उचलायचं, रजिस्टरात चढवायचं, नंबर टाकून वर पाठवायचं, असा त्यांचा नेम. त्यांच्या हातून नंबराविना आजवर फक्त त्यांचा नवरा सुटला होता, आणि त्याच्याबद्दलही लोकांना शंका होती.

टाचणी ओल्या हातानं धावत त्यांच्या टेबलापाशी पोहोचला. “बाई, ती माझी घरची फाइल आहे.”

“कव्हर कुणाचं?”

“ऑफिसचं.”

“विषय लिहिलाय?”

“लिहिलाय.”

“‘सादर’नं सुरू केलीय. परिच्छेदांना नंबर, दोन अभिप्राय, सही तारखेसकट.” बाईंनी चष्मा काढला. “मग टाचणीभाऊ, घरचं काय राहिलं हो त्यात?”

“बाई, माझी मुलाखत आहे. सगळा अभ्यास त्यात आहे.”

“नंबर पडला. पडलेला नंबर मला पुसता येत नाही आणि साहेबांच्या बापालाही येत नाही. आता निर्णय झाला की येईल खाली.”

“कशाचा निर्णय?”

“ते वरचे ठरवतील. आपण आवक.”

फाइल वर गेली. वरच्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कोणी सांगत नाही : ते वाचत नाहीत. वाचलं तर कळतं, कळलं तर ठरवावं लागतं. म्हणून ते कव्हर बघतात, आधीच्यानं काय लिहिलंय ते बघतात आणि त्याच्याहून कमी काहीतरी लिहितात. भांडार विभागानं लिहिलं, ‘सध्या शिल्लक नाही.’ बांधकाम विभागानं लिहिलं, ‘जागेची पाहणी आवश्यक.’ विधी विभागानं लिहिलं, ‘तत्त्वतः हरकत नसावी, तथापि.’ तथापिच्या पुढे काही नव्हतं. तो त्यांचा पूर्ण अभिप्राय होता. गुळगुळीतनं ‘अत्यंत तातडीचे’ असं लाल लेबल लावलं, त्यामुळे फाइल चार दिवस कोणी उघडली नाही.

आठव्या दिवशी रेकॉर्ड रूमला पत्र आलं : टेकबाबतचे मागील सर्व कागद तात्काळ सादर करावेत. पत्र टाचणीच्या नावे होतं. पाचव्या दिवसापासूनची दोन स्मरणपत्रंही सोबत होती, ती मूळ पत्राच्या आधी निघाली होती.

टाचणी पत्र घेऊन कपाटांसमोर बराच वेळ उभा राहिला. मागील कागद नाहीत हे त्याच्याइतकं जगात कोणाला ठाऊक नव्हतं. तरी त्यानं दोन दिवस सगळी कपाटं शोधली. सव्वीस वर्षांची अब्रू होती. तिसऱ्या दिवशी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा लिहून दिलं : ‘कागद सापडत नाहीत.’ घरी येऊन तो जेवला नाही.

“चोरी केल्यासारखं काय तोंड करता,” बायको म्हणाली. “नसलेला कागद सापडला नाही, एवढंच ना?”

“तू नाही समजणार.”

“मी कशी समजणार. मला कव्हर नाही ना.”

मुलाखतीला तीन दिवस उरले तेव्हा त्यानं स्वतःची फाइल बघायला मिळावी म्हणून अर्ज केला. अर्जात ‘प्रकरणाशी संबंध’ असा रकाना होता. तिथे काय लिहावं? ‘जन्मदाता’ लिहून त्यानं खोडलं आणि ‘अभ्यासू’ लिहिलं. पंधरा मिनिटं मंजूर झाली, जबाबदार कर्मचाऱ्याच्या समक्ष. जबाबदार कर्मचारी गुळगुळीत निघाला. तो समोर बसून नखं कापत होता, आणि टाचणी चाळीसपासून पुढचे अर्थ पाठ करत होता. पण मध्ये भांडार, विधी, बांधकाम असे कागद घुसले होते. पानांचे नंबर बदलले होते. अर्थ एकोणपन्नासच्या जागी पाहणीचा नकाशा होता. कशाचा, ते नकाशावर नव्हतं. एकतिसाव्या पानाशी टाचणी थांबला, ते पान दोनदा वाचलं आणि त्याच्या डोक्यात जो गुंता झाला तो मुलाखतीपर्यंत सुटला नाही.

मुलाखतीच्या दिवशी तो आत गेला. साहेब म्हणाले, “टेक अ सीट.”

अर्थ नववा. कळला. पण त्याखाली मेव्हण्याचा शेरा होता की बोटीवर कॅप्टन बसलेला असताना समोर कोणी बसत नाही, आणि मास्तरांचा उलट शेरा होता की सांगितल्यावर उभं राहणं हा उद्धटपणा. साहेब तर आधीच बसलेले. टाचणी अर्धा वाकला आणि तसाच राहिला. गुडघा कुरकुरला.

“पाठ दुखते का?” साहेबांनी वैतागून मराठीत विचारलं.

“नो सर. येस सर.”

साहेबांसमोर चौकीदाराचा तोच अर्ज होता. आणि शेजारी ‘टेक’ची फाइल, पाच विभाग हिंडून तिप्पट फुगलेली. साहेबांनी अर्जावरच्या लाल वाक्यावर बोट ठेवलं. “महिना दिला होता. आता सांगा. टेकन बाय हूम?”

टाचणीच्या डोक्यात एकसष्ट अर्थ एकदम दाराशी आले आणि दारात अडकले. इंग्रजी एकही बाहेर पडेना. जे आलं ते आपल्या भाषेत आलं, आणि त्यात लबाडी नव्हती. माणूस खरोखरच गोंधळला होता.

“साहेब, एकसष्ट अर्थ पाहिले. घेणारा कोण ते एकातही नाही. मला वाटलं माझंच चुकतंय. मग माझ्या फायलीत पान एकतीसवर तुम्हीही तेच वाक्य लिहिलेलं दिसलं. नेसेसरी ॲक्शन मे बी टेकन. खाली सही आहे.” त्यानं फाइल उघडून पान साहेबांकडे फिरवलं. “तुमच्या मनात कोण होतं, तेवढं सांगितलंत तर मी बासष्टावा अर्थ म्हणून लिहून घेईन.”

आणि त्यानं खरंच खिशातून पेन काढलं.

साहेबांनी पान एकतीस वाचलं. मग पान एक वाचलं. मग आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, एक संपूर्ण फाइल वाचली. मास्तरांच्या ‘योग्य’पासून नांगरापर्यंत. त्यांचा चेहरा लेबलाच्या रंगाचा झाला. फाइल बंद करावी तर ती उघडली कशी हे लिहावं लागणार, आणि न वाचता सह्या करणारे पाच विभागप्रमुख आणि सहावे ते स्वतः. ते टाचणीकडे बघत राहिले. टाचणी अर्धा वाकून, पेन उघडून, वाट बघत राहिला.

“तुम्ही जा,” साहेब म्हणाले. इतकं हळू की टाचणीला वाटलं बढती झाली.

आदेश दुसऱ्या दिवशी निघाला. हेडक्लार्क गुळगुळीत झाला. त्याच्याखाली दुसरा परिच्छेद होता : टेकबाबतची फाइल अंतिम निर्णय होईपर्यंत टाचणी यांनी स्वतंत्रपणे सांभाळावी, त्यात येणाऱ्या सर्व कागदांवर त्यांनीच स्वतःच्या सहीनं कार्यवाही करावी, इतर कोणाकडेही पाठवू नये. ‘इतर कोणाकडेही’ खाली दोन रेघा होत्या. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीशेजारी त्याला टेबल दिलं. आणि खुर्ची दिली. खुर्चीला एक हात होता. डावा.

टाचणीनं आदेश आवकबाईंना दाखवला. “बाई, ही बढती की शिक्षा?”

बाईंनी दोन्ही बाजूंनी वाचला. “नंबर बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

मास्तर म्हणाले स्वतंत्र म्हणजे बढतीच. मेव्हणा म्हणाला, बोटीवर ज्याला जिन्याखाली बसवतात त्याला पुढच्या बंदरात उतरवतात. बायको म्हणाली, “उजवा हात कुठे गेला? त्या गुळगुळीतच्या खुर्चीला तीन झालेत का बघा.” टाचणी रोज ऑफिसात जाई, डावा कोपर टेकवून बसे आणि उजवा हवेत ठेवे.

मंगळवारी चौकीदार आला. रेकॉर्डच्या खिडकीत नवा माणूस बघून घाबरला, शोधत शोधत जिन्याखाली आला. हातात तोच अर्ज. साहेबांनी त्यावर आठव्यांदा लाल वाक्य लिहून परत दिला होता.

“कारवाई चालू आहे ना साहेब?” त्यानं सवयीनं विचारलं आणि सवयीनं परत फिरला.

टाचणी अर्जाकडे बघत राहिला. आठ वेळा तेच वाक्य. त्याच्या फायलीचा विषय काय? ‘अर्थ व वापर.’ अर्थ होते. वापराचा नमुना एकही नव्हता. फाइल अपुरी होती, आणि अपुरी फाइल त्याला सहन होत नसे. “थांबा बाबा,” तो म्हणाला. कॉलरमधून टाचणी काढली आणि तो अर्ज फायलीत टोचला. पान सत्याण्णव.

टोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आता हा कागद त्याच्या फायलीतला आहे. आणि आदेश होता : त्यानंच, स्वतःच्या सहीनं, इतर कोणाकडेही नाही.

त्यानं चौकीदाराला एका हाताच्या खुर्चीत बसवलं, रेकॉर्ड रूममध्ये गेला, तिसऱ्या कपाटातून रुजू होणाऱ्यांचं जुनं रजिस्टर आणलं. कुठे आहे ते त्याला अकरा वर्षं ठाऊक होतं. हा विचार त्याला आवडला नाही. आकडा पडताळला, सेवापुस्तकात दुरुस्त केला, सही केली. वीस मिनिटं लागली.

“झालं बाबा.”

“म्हणजे आता माझं वय किती?”

“एकाहत्तर.”

चौकीदारानं पुस्तक लांब धरून आकडा बघितला. “सकाळी सत्तावन्नाचा घरून निघालो होतो,” तो म्हणाला. “बायकोला काय सांगू?” आणि खुर्चीच्या हातावर भार देऊन उठला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मेमो आला. इंग्रजीत, लाल शाईत, खाली नव्या हेडक्लार्कची गुळगुळीत सही. सेवापुस्तकात परवानगीवाचून बदल झाला आहे. ही ॲक्शन कोणी घेतली, चोवीस तासांत लेखी कळवावं.

टाचणीनं मेमो वाचला. मग थबकला. पूर्ण वाचून झाला होता आणि त्यानं शब्दकोश उघडला नव्हता. खात्री करायला पुन्हा वाचला. पुन्हा कळला. त्याला इतका आनंद झाला, की हा मेमो शिक्षेचा आहे हे त्याच्या ध्यानात यायला दुपार झाली.

त्यानं कोरा कागद घेतला. वर लिहिलं, ‘सादर.’ खाली परिच्छेद क्रमांक एक घातला. त्यापुढे एकच अक्षर लिहिलं : मी. सही केली, तारीख टाकली, कागद टोचला आणि चार वाजायच्या आत फाइल टेबलावर, आवकबाईंना दिसेल अशी ठेवली.